नागपूर ते पचमढी जुन्या गाडीनं: हीटर काहून चालत नव्हता आणि काय केलं

जानेवारीत आम्ही चौघं, मी, बायको, मुलगी आणि आई, पचमढीला जाऊन आलो. आईनं तरुणपणी महादेवाची यात्रा पायी केलेली, आता गुडघे साथ देत नाहीत, चौरागडच्या पायऱ्या तर विसराच, पण मोठ्या महादेवाच्या गुफेपर्यंत फार चालावं लागत नाही, म्हणून तेवढं तरी दर्शन घडवायचंच हे दोन वर्षांपासून मनात होतं. गाडी २००६ ची पेट्रोल, इंजिन ठणठणीत. रस्ता कोराडी, सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. रस्त्याबद्दल बाकीचे लिहितातच, मी हीटरबद्दल लिहून राहिलो, कारण नागपूरच्या जुन्या गाड्यांमध्ये हा प्रॉब्लेम मी तिसऱ्यांदा पाहिला आणि तिन्ही वेळा कारण एकच निघालं.

पहाटे पाचला निघालो. सावनेरच्या पुढे धुकं लागलं आणि काच आतून धूसर व्हायला लागली. हीटर फुल, ब्लोअर फुल, तरी हवा थंडगार. आई मागून म्हणाली, "अरे, कुठली खिडकी उघडी राहिली का?" खिडकी बंदच होती, तिच्या पायावर ब्लोअरचीच हवा जात होती. मी ब्लोअर बंद केला तर दोन मिनिटांत समोरचं दिसेना, बायको कपड्यानं काच पुसून राहिली होती पण पुसल्यावर जे ओरखडे राहतात त्यात समोरच्या ट्रकचा लाईट असा फाकतो की रस्ताच गायब होतो. शेवटी एसी लावला, हवेचा खटका आतल्या हवेवरून बाहेरच्या हवेवर केला आणि झोत काचेवर घेतला, काच साफ झाली. एसी हवेतला ओलावा काढतो म्हणून थंडीतही काचेसाठी तो लागतोच, हे लक्षात ठेवा. आईला आणखी एक शाल दिली.

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. सावनेरच्या गर्दीत गाडी हळू होती तेव्हा थोडी कोमट हवा येत होती, मोकळ्या रस्त्याला लागलो की परत गार. आणि टेंपरेचरचा काटा पार खाली. सौंसरला चहाला थांबलो तिथं बोनेट उघडलं. पंखा कधीही फिरू शकतो म्हणून गाडी बंद करून, रेडिएटरच्या वरच्या जाड पाईपला अंदाज घेत हात लावला. साठ-पासष्ट किलोमीटर पळून आलेल्या इंजिनचा तो पाईप मला मुठीत धरून ठेवता येत होता! एरवी चटकाच बसायला पाहिजे.

हीटर म्हणजे काही वेगळी मशीन नाही. इंजिनचं गरम पाणी दोन पाईपांनी डॅशबोर्डच्या मागच्या छोट्या रेडिएटरमध्ये जातं, मेकॅनिक त्याला हीटर कॉइल म्हणतात, आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. पाणीच गरम नसेल तर हीटर काय करणार. आणि पाणी गरम राहावं म्हणून थर्मोस्टॅट व्हॉल्व असतो, तो साधारण ८२ किंवा ८८ डिग्रीपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवतो. तो उघडा अडकला किंवा नसलाच तर हायवेवरच्या गार वाऱ्यानं इंजिन कधी गरमच होत नाही, पेट्रोलही जास्त खातं.

तिथंच मला मे महिना आठवला. गाडी गरम होऊन राहिली होती, गॅरेजवाल्यानं "व्हॉल्व काढून टाकतो, टेन्शन नाही" म्हटलं आणि मी हो म्हणालो. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे, २०१३ च्या मे मध्ये ४७.९ झालं होतं, त्या उन्हात कोण नाही म्हणतो. पण मे मध्ये काढलेला व्हॉल्व डिसेंबरात कोणाला आठवत नाही. काही जण तर हीटरचे दोन्ही पाईप काढून एकमेकांना जोडून देतात, तेही एकदा बोनेटखाली पाहून घ्या.

चहावाल्याकडून संत्र्याचा रिकामा खोका घेतला, गार वारा अडावा म्हणून पुठ्ठा कापून रेडिएटरच्या समोर अर्ध्या भागात अडकवला. अर्ध्याच, पूर्ण नाही, आणि पंख्यापासून लांब. सिल्लेवानीचा घाट चढताना सारखी काट्यावर नजर ठेवली. काटा वर सरकला, हवा कोमट झाली.

छिंदवाड्यात गॅरेज उघडेपर्यंत थांबलो, नाश्ता केला. मेकॅनिकनं इंजिन थंड होऊ दिलं, मग व्हॉल्वची टोपी खोलून म्हणाला, "अंदर तो कुछ है ही नहीं भैया." नवा व्हॉल्व मिळायला दीड तास लागला. बसवायच्या आधी त्यानं तो पातेल्यात उकळत्या पाण्यात सोडला, आणि मुलगी वाकून पाहत होती, पितळी चकती हळूच उचलली गेली, नखाएवढी फट पडली, बाहेर काढल्यावर परत मिटली. नवा पार्ट असा तपासूनच घ्या. नवं गॅस्केट, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं. बोअरचं पाणी टाकू नका, त्याच्या क्षारानं आणि गंजानं हीटर कॉइल चोक होते.

तरी पहिल्यांदा हवा गारच आली आणि डॅशबोर्डमध्ये गुळगुळ आवाज. एअरलॉक, म्हणजे पाईपात हवा अडकलेली. थंड असतानाच रेडिएटरचं झाकण काढून, गाडीचं नाक चढावर ठेवून, हीटर फुल गरमवर करून इंजिन चालू ठेवलं, बुडबुडे निघत गेले तसं कूलंट टाकत गेला. गरम इंजिनचं झाकण मात्र कधीच उघडू नका, तोंड भाजतं.

तुमचा काटा बरोबर असेल तर दोष वेगळा. डॅशबोर्डकडे जाणारा एक पाईप गरम आणि एक गार असेल तर कॉइल चोक किंवा त्या पाईपवरचा कॉक (नळ) बंद. दोन्ही गरम आणि हवा गार, तर हवा वळवणाऱ्या आतल्या फ्लॅपची केबल पाहा. गोडसर वास आणि पायाखालचं मॅट ओलं, तर कॉइल लीक आहे, तसं लांब जाऊ नका.

तामियापासून पुढे आईनं शाल काढून मांडीवर ठेवली. दर्शन छान झालं.

परत आल्यावर दुसऱ्या मेकॅनिककडे मे मधली गोष्ट सांगितली. त्यानं अर्ध्या तासात शोधलं, रेडिएटरच्या फॅनला करंट देणारा रिले (स्विच) गेला होता, गाडी गरम व्हायचं खरं कारण ते होतं. रिले बदलला. या उन्हाळ्यात व्हॉल्व आत ठेवूनच गाडी चालवली, भर दुपारी वर्धा रोडच्या ट्रॅफिकमध्येही काटा मधोमध.