सातबाऱ्यावर नाव नसलेला माणूस

5 मे

इंटर्नशिपचा पहिला दिवस. एमबीएला फायनान्स घेतलं की उन्हाळ्यात मुंबई-पुण्याच्या काचेच्या इमारतीत बसायचं, असं आमच्या वर्गातल्या निम्म्यांनी धरूनच ठेवलं होतं. मला मिळाली अमळनेरमधल्या एका राष्ट्रीयीकृत बँकेची शाखा. घरून एसटीने जाऊन-येऊन करता येतं, म्हणून आई खूश.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, नुकतीच झाली. घरात अजून खापरावरच्या पुरणपोळ्या नि आमरसाची सुस्ती आहे, पण बँकेत पाय ठेवायला जागा नव्हती. कॅशियर काका म्हणाले, आखाजी झाली की असंच. सालदारांचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या शेतगड्यांचं, जुनं साल संपतं, नवं ठरतं, त्यांना उचल द्यावी लागते. वर खरिपाचं बियाणं, खत. सगळ्यांना एकदमच पैसा लागतो.

मला टेबल नाही, खिडकीशी एक स्टूल मिळालं. मॅनेजर साहेब बिहारचे. मराठी त्यांना बरीचशी कळते, पण अहिराणी सुरू झाली की ते माझ्याकडे बघतात. तासाभरात माझं काम ठरून गेलं: फॉर्म भरून द्यायचे, पासबुक छापून द्यायचं आणि आजीबाबांचं म्हणणं साहेबांना हिंदीत सांगायचं. "पैसा उनात का?" (पैसे आले का?) हा प्रश्न आज इतक्यांदा ऐकला की जेवताना सुद्धा कानात वाजत होता. वर्गात घोकलेली एनपीव्ही, आयआरआर ही गुंतवणुकीची गणितं कुणी विचारली नाहीत.

8 मे

सखाराम महाराजांची यात्रा सुरू आहे, बोरी नदीच्या पात्रात पाळणे लागलेत. दुपारनंतर शाखा जरा रिकामी, म्हणून कृषी अधिकारी मॅडमनी पीक कर्ज समजावून सांगितलं. पुस्तकातल्या दोन धड्यांपेक्षा जास्त कळलं.

कागद लागतात ते असे: सातबारा, आठ-अ म्हणजे खाते उतारा, शेताच्या चतुःसीमा, दुसऱ्या बँकांची थकबाकी नसल्याचे दाखले (नो ड्यूज), आणि आधीची कर्जफेड दाखवणारा सिबिल अहवाल. कोणत्या पिकाला हेक्टरी किती द्यायचं हे जिल्ह्याची तांत्रिक समिती ठरवते. कापसाचा दर वेगळा, केळीचा वेगळा. 1 जानेवारी 2025 पासून 2 लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला जमीन गहाण घ्यायची नाही, आधी ही मर्यादा 1 लाख 60 हजार होती. 3 लाखांपर्यंत व्याज 7 टक्के, वेळेवर फेडलं तर केंद्राची 3 टक्के सूट, आणि उरलेलं राज्य सरकार भरतं, मुख्यतः डॉ. पंजाबराव देशमुख योजनेतून. म्हणजे वेळेत भरणाऱ्याला शून्य टक्के.

शून्य टक्क्याने पैसे! मॅडम हसल्या. म्हणाल्या, "हो, पण मिळतात सातबाऱ्याला."

तेव्हा मला वाटलं, ही त्यांची बोलायची पद्धत आहे.

13 मे

दुसरा शनिवार, रविवार आणि काल बुद्धपौर्णिमा. सलग तीन दिवस बंद असलेली बँक आज उघडली, तेव्हा रांग जिन्याखाली गेली होती.

सकाळी एक काका आजोबांच्या नावाचे विप्रोचे जुने कागदी शेअर घेऊन आले. ही कंपनी मूळची इथली: 1945 मध्ये वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने वनस्पती तुपासाठी निघाली. गावातल्या कितीतरी घरांनी तेव्हापासूनचे शेअर पेटीत जपलेत, आणि त्यांचं पुढे काय झालं हे अमळनेरात लहान पोरही सांगेल. कागदी शेअरची बदली 2019 च्या एप्रिलपासून बंद झाली, वारसाला मात्र नावावर करून घेता येतात. त्यासाठी सही बँकेकडून साक्षांकित करून हवी होती. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला. पिवळा पडलेला कागद, कडा फाटलेल्या, पण त्याचं वजन सगळ्यांना माहीत.

त्यांच्या मागेच एक भाऊ उभे होते. चाळिशीचे असतील. त्यांना खरिपासाठी कर्ज हवं होतं. मी सवयीने सातबारा मागितला.

"सातबारा मन्हा नावे नही, ताई. पन नांगर मन्हाच चालस."

पाच एकर, निम्म्या बटाईने, बऱ्याच वर्षांपासून. मालक नाशिकला राहतो. बियाणं, खत, मजुरीत निम्मा वाटा यांचा. अंगमेहनत सगळी यांची. कापूस निम्मा निम्मा. ई-पीक पाहणीत, म्हणजे पिकाच्या सरकारी नोंदीत, पीक लागतं मालकाच्या नावाने. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

दुपारी डबा बाजूला ठेवून पीक कर्ज ज्यातून मिळतं त्या किसान क्रेडिट कार्डाचं परिपत्रक मी वाचून काढलं. पात्र कोण, त्यात स्पष्ट लिहिलंय: भाडेपट्ट्याने करणारे, तोंडी कराराने करणारे आणि बटाईदार सुद्धा. मला एकदम काहीतरी सापडल्यासारखं झालं. परिपत्रक घेऊन थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

साहेब चिडले नाहीत. हिंदीत म्हणाले, नियम बरोबर आहे. आता सांग, कर्ज किती हेक्टरला द्यायचं? ते क्षेत्र हा माणूस करतो हे कशावरून? मालकाने त्याच सातबाऱ्यावर आधीच उचललं असेल तर? ऑडिटर फाइलमध्ये कागद शोधणार. मालकाचं दोन ओळींचं पत्र आण, मी बघतो. नाहीतर चार-पाच बटाईदार मिळून गट करा, एकमेकांची हमी घ्या. तीही सोय आहे.

भाऊंना बाहेर येऊन सांगितलं. पत्राचं ऐकून ते हसले. "मालक लिखी देवाव नही," एवढंच म्हणाले. गटाबद्दल म्हणाले, विचारतो. फोन नंबर देऊन गेले.

14 मे

रात्री जेवताना आप्पांना सगळं सांगितलं. मालक दोन ओळी का लिहून देणार नाही, हे मला खरंच समजत नव्हतं.

आप्पांनी पाणी प्यायलं. "कूळ लागीन ना."

1948 चा कूळ कायदा, 1 एप्रिल 1957 चा कृषकदिन. त्या दिवसापासून दुसऱ्याची जमीन कसणारी कुळं त्या जमिनीचे मालक मानली गेली. अभ्यासात ही चांगली गोष्ट म्हणून वाचलेली. घरोघरी मात्र तिची भीती तेवढी उरली आहे: लिहून दिलं तर बटाईदार कूळ म्हणून जमिनीवर हक्क सांगेल. जमीन बटाईने द्या, पण लिहून देऊ नका. जमलं तर दोन-तीन वर्षांनी माणूस बदला. कसणाऱ्याला जमीन मिळावी म्हणून केलेल्या कायद्यामुळे सत्तर वर्षांनी कसणाऱ्याला साधं पत्र मिळत नाही.

मग मी विचारलं ते विचारायला नको होतं, असं आईच्या चेहऱ्यावरून दिसलं. आमचंही नाल्याकडचं तीन एकर बटाईने आहे. ते कसणाऱ्या नानांना आपण लिहून दिलंय का?

नाही. आणि त्या तीन एकरांसकट आमचं पीक कर्ज गावच्या सहकारी सोसायटीतून दर वर्षी आप्पा घेतात, वेळेवर भरतात, शून्य टक्क्याने. माझी कॉलेजची फी एका वर्षी त्यातूनच गेली. नाना त्यांचं बियाणं कृषी केंद्रातून उधारीवर आणतात. रोखीचा भाव एक आणि उधारीचा दुसरा.

आप्पा वाईट माणूस नाही. नानांच्या पोरीच्या लग्नात त्यांनी स्वतःहून हातभार लावलाय. पण विषय कागदाचा निघाला की ते गप्प होतात.

20 मे

बटाईवाले भाऊ परत आले, सोबत वहिनी. गट जमला नाही. दुसऱ्याच्या थकबाकीची हमी कोण घेणार? आता सोनेतारण. सोन्याला सातबारा लागत नाही. शेतीचं कर्ज म्हणून धरायचं तर तिथेही तो लागतोच, म्हणून वैयक्तिक खात्यात, पीक कर्जापेक्षा महाग दराने.

बँकेचे सराफ आले. वहिनींची गळ्यातली पोत कसोटीवर घासली, काळ्या दगडावरच्या रेघेवर ॲसिडचा थेंब टाकला, रेघ राहिली. मणी, लाख, दोरा यांचं वजन वजा. किमतीच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येतं. सोन्याचा भाव चांगलाच चढलेला आहे, त्यामुळे रक्कम बरी बसली. वहिनी म्हणाल्या, भाव वाढला ते बरंच झालं, यंदा पोत पुरली, बांगड्या घरी राहिल्या. मग पाकीट, लाखेचं सील, सह्या, आणि दोन वेगवेगळ्या माणसांकडच्या दोन किल्ल्यांनी उघडणारी तिजोरी. फॉर्ममध्ये कर्जाचं कारण मी लिहिलं: घरगुती.

सांगायचं म्हणजे, या कर्जाला मिळून अर्धा-पाऊण तास लागला. बँकेचं सगळ्यात झटपट चालणारं काम हेच आहे.

28 मे

दिवसभर एकच: "हाई 436 कसाना कापात?" जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता, आणि 20 रुपये सुरक्षा विम्याचे. मेअखेर सगळ्यांच्या खात्यातून जातात. जूनपासून पुढचं वर्ष, 2-2 लाखांचा विमा. मला आता हे झोपेतही सांगता येईल.

27 जून

प्रोजेक्ट छापून झाला. विषय पीक कर्ज वाटप. तक्ते आहेत, वर्तुळाकार आलेख आहेत, लाभार्थ्यांची अल्पभूधारक, मध्यम, मोठे अशी विभागणी आहे. बटाईदारांवर मी दोन पानं लिहिली होती. गाईड सर म्हणाले, हे तुझ्या नमुन्यात नाहीत, यांना कर्जच मिळालेलं नाही, मग कर्ज वाटपाच्या अभ्यासात कसे घेणार? संशोधन पद्धती म्हणून त्यांचं चूक नाही. आणि नेमकी अडचणही तीच आहे, हे व्हायव्हात कसं मांडायचं ते अजून ठरलं नाही.

आप्पांना नानांच्या पत्राबद्दल पुन्हा विचारलं. दिवाळीनंतर बघू म्हणाले. दिवाळीनंतर म्हणजे कापूस घरात येऊन वाटणी झाल्यावर, तेव्हा पत्राचा नानांना यंदा काही उपयोग नाही. मी तसं बोलले. आप्पा बैल बघायला उठले.

दोन पानं परिशिष्टात टाकली आहेत. गाईड सर परिशिष्टापर्यंत येतील असं वाटत नाही. बाहेरून येणारे परीक्षक आले तर आले.