तुम्ही विचारलंत म्हणून: आकाशगंगेखाली घरच्यांचा फोटो

"वर आकाशगंगा आणि खाली आई-बाबा, मुलं, असा फोटो आम्हालाही काढायचाय. कुठला कॅमेरा घेऊ?" आम्हा दोघांना हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. आमचं उत्तर असं की कॅमेरा शेवटी. आधी तिथी, मग दिशा, मग फोकस. हे तीन जमले तर जुना डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स एवढ्यावर भिंतीवर लावण्याजोगा फोटो निघतो. तिथी चुकली तर कितीही महाग कॅमेरा आणा, आभाळ पांढुरकंच येणार.

आकाशगंगेचा सगळ्यात तेजस्वी, फुगीर भाग धनु राशीत, वृश्चिकाच्या नांगीजवळ आहे. दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं तर मूळ नक्षत्राच्या वर, किंचित डावीकडे. महाराष्ट्रातून तो दक्षिणेला जास्तीत जास्त ४२ अंशांपर्यंत चढतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तो पहाटे दिसू लागतो, मार्चअखेर रात्री साडेबाराच्या सुमारास उगवतो आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री नऊलाच क्षितिजावर येतो. नंतर पावसाळा. ढग निवळतात तेव्हा ऑक्टोबर आलेला असतो आणि हा भाग संध्याकाळीच नैर्ऋत्येला कललेला मिळतो. ऑक्टोबरच्या मध्याला सव्वासहाच्या आसपास सूर्य मावळतो, साडेसातला पुरता अंधार पडतो आणि नऊनंतर हा भाग क्षितिजाच्या धुरकट थरात शिरतो. म्हणजे हातात जेमतेम दीड तास.

घरच्यांना न्यायचं असेल तर आम्ही हा ऑक्टोबरचाच दीड तास सुचवतो. लहान मुलं जागी असतात, आजी-आजोबांना पहाटे तीनला उठवावं लागत नाही आणि पावसाने हवा धुतलेली असते. एप्रिल-मे महिन्यांत धूळ आणि वणव्यांचा धूर यांमुळे क्षितिजापासून बऱ्याच उंचीपर्यंत तारे मळकट दिसतात.

अमावास्येचीच रात्र हवी हा गैरसमज आहे. हवा असतो तो तुमच्या वेळेपुरता बिनचंद्राचा अंधार. ऑक्टोबरच्या संध्याकाळसाठी संकष्टीनंतर दोन दिवसांपासून अमावास्येपर्यंत कुठलाही दिवस चालतो, कारण चंद्र उशिरा उगवतो. मार्च-एप्रिलच्या पहाटेसाठी उलट हिशेब. अमावास्येपासून पुढे, म्हणजे गुढीपाडव्यापासून थेट रामनवमीच्या आसपासपर्यंत, चंद्र मध्यरात्रीनंतर मावळलेला असतो आणि पहाटे तीन ते पाच आभाळ काळं मिळतं. चंद्रोदय-चंद्रास्ताच्या वेळा पंचांगात छापलेल्या असतात, त्या बघाव्यात.

जागा निवडताना "अंधारी जागा" एवढंच पाहून चालत नाही. ज्या दिशेला आकाशगंगा, त्या दिशेला अंधार हवा. भंडारदरा परिसर अंधारा आहे, पण तिथून नैर्ऋत्येला कल्याण-ठाणे-मुंबईचा उजेड आभाळावर चढतो. म्हणून तिथे ऑक्टोबरच्या संध्याकाळपेक्षा मार्चची पहाट बरी. ऑक्टोबरसाठी रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा किनारा उत्तम, कारण नैर्ऋत्येला मोकळा समुद्र. अडचण मासेमारी नौकांच्या दिव्यांची. ते फोटोत पांढरे ठिपके नव्हे, पट्टे होऊन येतात. अशा वेळी फ्रेममध्ये क्षितिज अगदी कडेला ठेवावं किंवा एखादा खडक मध्ये घ्यावा. विदर्भातल्यांना तर पेंच व्याघ्र प्रकल्प आहे. २०२४ मध्ये त्याला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा अंधार जपलेलं क्षेत्र) म्हणून मान्यता मिळाली. जंगल आणि गडकिल्ल्यांवर बऱ्याच ठिकाणी रात्री थांबायला मनाई असते, तेव्हा आधी विचारूनच जा. आणि मेअखेर ते जून भंडारदऱ्याकडे काजव्यांच्या झाडांजवळ ट्रायपॉड लावू नका. काजवे जोडीदार शोधतात ते प्रकाशाच्या खुणेने. टॉर्च आणि मोबाइलच्या उजेडात त्यांचा वर्षातला तो एकमेव मोसम वाया जातो, आणि आम्हाला हे बघवत नाही.

आता आकडे. आभाळ तासाला १५ अंश फिरतं, त्यामुळे शटर जास्त वेळ उघडं राहिलं की ताऱ्यांच्या रेघा होतात. ५०० भागिले फोकल लेंथ (लेन्सवरचा मिमीतला आकडा) बरोबर शटरचे सेकंद, हा नियम सगळीकडे वाचायला मिळतो, पण आजच्या सेन्सरला तो ढिला पडतो. ३०० धरा. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) १४ मिमी लेन्स असेल तर ३०० ÷ १४, म्हणजे साधारण २० सेकंद. क्रॉप सेन्सरवर (त्याहून लहान सेन्सरवर) १८ मिमी असेल तर आधी दीडने गुणा. २७ झाले, म्हणजे ११ सेकंद. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र, लेन्स देईल तेवढं मोठं (एफचा आकडा लहान तेवढं छिद्र मोठं), एफ/२.८ किंवा कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सवर एफ/३.५. एफ/२.८ ला आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२००, एफ/३.५ ला ६४००. व्हाइट बॅलन्स ३८०० ते ४००० केल्विन. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद, आणि शटर दोन सेकंदांच्या टायमरवर, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही.

सगळ्यात जास्त फोटो बिघडतात ते फोकसमुळे. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. ती बहुतेक वेळा नेमकी नसते आणि तापमान उतरलं की फोकसही थोडा सरकतो. ऑटोफोकस बंद करा. लाइव्ह व्ह्यूमध्ये (स्क्रीनवरच्या थेट दृश्यात) एखादा ठळक तारा मध्यभागी आणा, ऑक्टोबरच्या संध्याकाळी अभिजित, मार्च-एप्रिलच्या पहाटे ज्येष्ठा. दहापट मोठा करून फोकसची रिंग केसभर-केसभर फिरवा. तारा आधी फुगीर गोळा दिसतो, मग आक्रसत टोकदार होतो आणि पुढे गेलात की पुन्हा फुगतो. सगळ्यात बारीक ठिपक्याच्या पुढेमागे दोनदा जाऊन यावं, म्हणजे मधली जागा हाताला कळते. तिथे कागदी चिकटपट्टीने रिंग जागच्या जागी बांधून टाका. झूम लेन्स असेल तर झूमच्या रिंगलाही पट्टी. तासाभराने पुन्हा तपासा.

दुसरी फसगत स्क्रीनची. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो झगझगीत दिसतो आणि घरी संगणकावर काळाकुट्ट निघतो. स्क्रीनचा उजेड कमीत कमी ठेवा आणि विश्वास हिस्टोग्रामवर, म्हणजे कॅमेरा दाखवतो त्या उजेडाच्या आलेखावर, ठेवा. त्याचा डोंगर डाव्या भिंतीला चिकटलेला नको, साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर हवा.

आता माणसं. इथे आम्ही काम वाटून घेतो. एकजण कॅमेऱ्यामागे, दुसरा माणसांजवळ आणि उजेडाचा धनी. एकट्याने दोन्ही केलं की दोन्ही अर्धवट होतं. दहा-अकरा सेकंद स्थिर राहणं उभ्या माणसाला कठीण जातं, बसलेल्याला सोपं. आजी-आजोबांना खुर्ची, मुलांना मांडीवर. श्वास रोखायला सांगू नका, माणूस डुलायला लागतो. पाठ कशाला तरी टेकलेली असली की पुरे. डोकं तेजस्वी आभाळावर आलं आणि जरा हललं तर केसांमधून तारे दिसतात, भुतासारखं. म्हणून चेहरे शक्यतो काळ्या डोंगरावर किंवा झाडावर घ्यावेत आणि आकाशगंगा त्यांच्या वर मोकळी सोडावी.

उजेड चेहऱ्यावर थेट मारायचा नाही. दुसऱ्याने बाजूला, तीन-चार मीटरवर, पांढरा टॉवेल धरायचा आणि मोबाइलच्या टॉर्चचा झोत टॉवेलवर फक्त एक सेकंद. परतून येतो तेवढाच उजेड पुरतो. जास्त वाटला तर टॉवेल लांब न्या, कमी पडला तर जवळ आणा. समोरून उजेड दिला तर चेहरे सपाट होतात आणि चष्म्यात चमक येते. उजेड झाल्यावरही शटर बंद होईपर्यंत कुणी उठायचं नाही, हे आधीच सांगून ठेवा. "झालं" हा शब्द कॅमेऱ्यामागच्यानेच उच्चारायचा.

मुलं फारच चुळबुळी असतील तर दुसरा मार्ग. सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी, निळसर उजेडात, सेकंदाच्या आतल्या शटरने घरच्यांचा फोटो घ्या, ट्रायपॉड अजिबात न हलवता थांबा आणि अंधार झाल्यावर त्याच जागेवरून आभाळ घ्या. नंतर दोन्ही जोडा. आम्हाला यात गैर काही वाटत नाही, मात्र विचारलं तर जोडलेला आहे हे सांगावं. आणि डोळ्यांना असे रंग दिसतात का, असंही विचारतात. नाही. अंधारात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत, धुरकट पांढरा पट्टा दिसतो. कॅमेरा दहा-वीस सेकंदांचा प्रकाश साठवतो म्हणून रंग येतात.

आभाळाचे एकापाठोपाठ १६ फोटो घेऊन ते सीक्वेटर किंवा सिरिल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचले की दाणेदारपणा सुमारे एक चतुर्थांशावर येतो. महाग लेन्स घेण्याआधी हे करून बघा. दंव पडायला लागलं की तारे मऊ दिसू लागतात आणि लोक फोकसला दोष देतात. आधी टॉर्च तिरकी धरून लेन्सची काच बघा. काचेभोवती मोजा गुंडाळून त्यात हात शेकायची गरम पुडी ठेवली की दंव धरत नाही. वाळूत ट्रायपॉडचे पाय हळूहळू खचतात, प्रत्येक पायाखाली सपाट दगड ठेवा. वाऱ्यात मधला खांब वर काढू नका आणि कॅमेऱ्याचा पट्टा काढून खिशात टाका, तो फडफडला की तारे थरथरतात.

तर कॅमेरा. घरात असलेला वापरा. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी न डगमगणारा ट्रायपॉड, मग १४ मिमी एफ/२.८ सारखी हाताने फोकस करायची रुंद लेन्स, आणि बॉडी सर्वांत शेवटी. प्रो मोडमध्ये ३० सेकंद शटर आणि रॉ देणारा मोबाइलही ट्रायपॉडवर सुरुवातीला चालतो.

आणि फोटो छापा. स्क्रीन स्वतः उजळलेली असते, कागद नसतो, म्हणून छापताना सावल्या नेहमीपेक्षा थोड्या उजळ करून द्या. आधी ४×६ चा एक नमुना काढा, चेहरे दिसतात का बघा, मगच मोठा. मागे बॉलपेनने लिहू नका, दाब पुढच्या बाजूला उमटतो. मऊ पेन्सिलीने तारीख, गाव आणि डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं लिहा. नुसतं "आजी" नको, पूर्ण नाव लिहा. पुढच्या पिढीला कुठली आजी ते कळणार नाही.