गर्भाशयमुखाची तपासणी : माझा अनुभव

मी एचआयव्हीसह जगते आणि एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीवरील उपचार केंद्रातून, नियमित औषधे घेते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी मला प्रथम सांगितले ते एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांच्या आमच्या आधारगटातील एका ताईंनी, पर्वतीच्या पायथ्याजवळील आमच्या घरी बसून. हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो तो, लैंगिक संबंधातून पसरणारा एचपीव्ही हा विषाणू बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून आपोआप नाहीसा होतो. एचआयव्ही असताना मात्र तो टिकून राहण्याची शक्यता वाढते आणि त्यामुळे आपल्याला या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सहापट असतो, असे त्या म्हणाल्या. जागतिक आरोग्य संघटनेने इतर स्त्रियांसाठी ३० व्या, तर आपल्यासाठी २५ व्या वर्षापासून तपासणी सुचवली आहे, हेही त्यांच्याकडूनच कळले.

माझे पती हयात नाहीत, त्यामुळे आता अशी तपासणी कशासाठी, असा प्रश्न सासूबाईंनी विचारला. तो माझ्याही मनात होता. ताईंनी न रागावता समजावले की, संसर्ग झाल्यापासून कर्करोग होईपर्यंत अनेक वर्षे जाऊ शकतात, म्हणून विधवा स्त्रीने तर ही तपासणी मुळीच टाळू नये. पूर्वी एका दवाखान्यात माझा आजार कळताच मला सर्वांत शेवटी आत घेतले होते, तेव्हापासून कोठेही टेबलावर झोपायचे म्हटले की मला धास्ती वाटे. ताईंपासून मात्र काही लपवावे लागणार नव्हते, कारण त्याही आमच्यातल्याच होत्या.

वस्तीजवळच्या शिबिरात पडद्याआड जाऊन मी एचपीव्हीच्या तपासणीसाठी योनीमार्गातील नमुना स्वतःच घेतला. एचपीव्ही आढळल्यावर ताई माझ्याबरोबर रुग्णालयात आल्या. डॉक्टरांनी गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभर वाट पाहिली. पांढरा डाग दिसला. तो कर्करोग नव्हता, त्यापूर्वीची अवस्था असण्याची शक्यता होती. त्याच दिवशी थर्मल ॲब्लेशनने, म्हणजे उष्णतेने, तो भाग नष्ट करण्यात आला. मासिक पाळीत येतात तशा कळा आल्या, नंतर काही आठवडे पाण्यासारखा स्राव होत राहिला. याची पूर्वकल्पना दिलेली असल्यामुळे मी घाबरले नाही.

उपचारानंतर वर्षभराने पुन्हा तपासणी करावी लागते आणि अनेकजणी नेमक्या येथेच गळतात, कारण तोपर्यंत काहीही दुखत नसते. ताईंनी त्या तारखेची आठवण करून दिली. या वेळी विषाणू आढळला नाही. पुढील वर्षी आणखी एकदा तपासणी आहे, आणि तिच्यासाठी शेजारच्या गल्लीतील एक मैत्रीणही माझ्याबरोबर येणार आहे.