क्रायसोपाला कुठल्या पायरीवर बसवू?

पोरीला शाळेतून अन्नसाखळीचा तक्ता करून आणायला सांगितला होता. रात्री जेवणं झाल्यावर तिने चटईवर पसारा मांडला आणि म्हणाली, ‘‘पप्पा, सगळे गवत-नाकतोडा-बेडूकच आणतात. आपण आपल्या बागेचं काढू.’’

आमची द्राक्षाची बाग दिंडोरी तालुक्यात. थॉमसन जातीची आहे, सध्या घडात पाणी उतरतंय, म्हणजे मणी मऊ पडायला लागलेत. म्हटलं, सोपं आहे. पहिल्या पायरीवर वेल, दुसरीवर त्याचा रस ओढणारा मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, तिसरीवर मिलीबगला खाणारा क्रायसोपा, म्हणजे जाळीदार पंखांचा हिरवा मित्रकिडा. पण तिसरं चित्र काढायला घेतलं आणि अडकलो.

क्रायसोपाची अळी पक्की मांसाहारी. चिमट्यासारख्या जबड्यात मिलीबगचं पिल्लू धरायचं आणि आतला रस ओढून टरफल टाकून द्यायचं. भूक लागली तर सख्ख्या भावंडालाही सोडत नाही. म्हणून तर आई अंडी अशी घालते: पानाखाली केसासारखा पांढरा दोरा आणि त्याच्या टोकाला हिरवट अंडं, जणू पानाला टाचण्या टोचल्यात. प्रत्येकाचा दांडा वेगळा, म्हणजे आधी जन्मलेल्याने शेजारच्याला गिळायला नको. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी बुरशी समजून अंगठ्याने पुसून टाकली होती.

आणि हीच अळी कोष करून पंख घेऊन बाहेर आली की माळ घालते! आपल्याकडच्या क्रायसोपाचा पाखरू झालेला किडा फुलातला मध, परागकण आणि मिलीबगच्या अंगातून गळणारा चिकटा यांवर जगतो. लहानपणी तिसऱ्या पायरीवर, मोठेपणी दुसऱ्या. बेडकाचं बरोबर उलटं, पोर शेवाळ खातं आणि बाप किडे.

हे मला तेव्हा कळलं असतं तर दोन वर्षांपूर्वीचे पैसे वाचले असते. दुकानातून क्रायसोपाची अंडी आणून बागेत सोडली. अळ्या निघाल्या, कामही केलं. पुढची पिढी मात्र दिसलीच नाही. दुकानदार म्हणाला, माल चांगला होता. असेलही. पण त्याच महिन्यात मी तणनाशक मारून बांध असा चकाचक केला होता, की पाखराला बसायला एक फूल नव्हतं. पोरांच्या जेवणाची सोय केली आणि आईबापांचं ताट काढून घेतलं, असं माझं मत. आता बांधाला कोथिंबीर आणि बडीशेप फुलोऱ्यावर सोडून देतो. येणारे-जाणारे विचारतात, काढायची राहिली का?

मुंगळ्यांची तर वेगळीच तऱ्हा. चिकट्यासाठी ते मिलीबगची राखण करतात, क्रायसोपाच्या अळीला हुसकतात, आणि मेलेला किडा मिळाला तर तोही ओढून नेतात. शिवाय चिकटा म्हणजे शेवटी वेलाचाच रस, फक्त मिलीबगच्या पोटातून आलेला. तो कितव्या पायरीचा धरायचा? पोरीने मुंगळा कडेला काढला आणि तीन बाण जोडले.

पायऱ्यांचा हिशेब तसा जुना आहे. 1942 साली लिंडमन नावाच्या अमेरिकन माणसाने तळ्याचा अभ्यास करून ऊर्जा पायरीपायरीने कशी वर जाते ते मांडलं. एका पायरीवरची साधारण दहा टक्केच ऊर्जा पुढच्या पायरीला मिळते, असं पुस्तकात शिकवतात. पण एकच जीव दोन पायऱ्यांवर जेवत असेल तर? मग आकडा अपूर्णांकात निघतो. अर्धं जेवण झाडाचं आणि अर्धं झाड खाणाऱ्याचं असेल, तर अडीच. 2013 साली काही शास्त्रज्ञांनी जगभरच्या माणसांच्या खाण्याचा असा हिशेब लावला, तो आला 2.21. म्हणजे आपण डुकराच्या आणि मांदेलीच्या भाऊबंदांच्या पंगतीला.

हे ऐकून आई खाटेवरून म्हणाली, ‘‘मी माळकरी बाई. माझे दोनच लिव्ह.’’

पोरगी म्हणाली, ‘‘आजी, तू चहात दूध घेतेस. गाय दोनवर, मग दुधापुरती तू तीनवर.’’

आई जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘मास्तरला नको सांगू.’’

तक्त्यात आजीसमोर 2 लिहिलंय. माझा आकडा पोरीने पेन्सिलने लिहिला, कारण मध्ये रविवार होता.