डोरियनमधला एक स्वाध्याय, सुटा करून

काउंटरपॉइंटमधला, म्हणजे दिलेल्या चालीवर दुसरी ओळ रचण्यातला, एक स्वाध्याय अखेर मनासारखा उतरलाय. तो चौथ्या स्पीशीजचा (प्रकारचा), म्हणजे सस्पेन्शनचा: आधीचा स्वर धरून ठेवून विसंवाद घडवायचा आणि मग एक पायरी खाली उतरून सोडवायचा. खालची ओळ म्हणजे काउंटरपॉइंट शिकवणाऱ्या फुक्सच्या १७२५ सालच्या पुस्तकातला डोरियन मोडचा (रेपासून रेपर्यंतच्या स्वरपंक्तीचा) कँटस फर्मस, म्हणजे दिलेली मूळ चाल, पाश्चात्त्य स्वरनावांनी (रे म्हणजे D): रे फा मी रे सोल फा ला सोल फा मी रे. वरची ओळ माझी.

आधी दोन ओळींमधल्या अंतरांचे आकडे मांडले. आठव्या बारपासून (बार म्हणजे इथे खालच्या चालीचा एक स्वर) ७-६, ७-६, ७-६ अशी साखळी पडते, म्हणजे दर वेळी सातवं विसंवादी अंतर सहाव्यावर सुटतं. खालची चाल तिथे पायरी-पायरीने उतरते, त्यामुळे ही साखळी जवळजवळ आयती मिळते. मग बंध (स्वर पुढच्या बारमध्ये धरून ठेवणाऱ्या खुणा) काढून नुसता सांगाडा लिहिला. ७-६ मधून ६-६-६ उरतात, ते गोड लागतात. ९-८ ची अशीच साखळी केली तर ८-८-८ उरतील, म्हणजे उघडउघड समांतर अष्टकं (दोन्ही ओळी अष्टकाचं अंतर राखून एकत्र सरकतात, आणि तेच इथे वर्ज्य). नियम पाठ करण्यापेक्षा हा सांगाडा लिहून बघाच, कारण लगेच दिसतं.

तानपुऱ्यावर घडलेल्या कानाला यात मोठी गंमत आहे. आपण प्रत्येक स्वर षड्जाशी ताडतो. इथे वरचा फा जागचा हलत नाही. खालचा ला सोलवर सरकतो आणि तोच फा विसंवादी होतो, मग मीवर उतरून सुटतो. डोरियनचे स्वर काफी थाटाचेच, त्यामुळे रेला सा मानून गाताना अडत नाही. फक्त शेवटी कोमल निषादाऐवजी शुद्ध निषाद घ्यायचा, की मोठं सहावं अंतर अष्टकात उघडतं. ही जागा मी पुन्हा पुन्हा गातोय.

नंतर वरची ओळ एकटीच गाऊन पाहिली. सर्वात उंच फा एकदाच येतो, सातव्या बारमध्ये, दोवरून चौथ्याची उडी घेऊन. पुढे सगळा उतार सलग. चौथ्या बारमधल्या सीचा या फाशी ट्रायटोन (तीन पूर्ण स्वरांचं बोचरं अंतर) होतो, पण मध्ये ओळ रेवर वळते म्हणून तो बोचत नाही. माझ्या मते स्वाध्यायाचा जीव या उडीत आहे, सस्पेन्शनमध्ये नाही.

फुक्सने पुस्तकातल्या गुरूच्या तोंडून पालेस्ट्रिना या सोळाव्या शतकातल्या इटालियन संगीतकाराला बोलतं केलं, पण पालेस्ट्रिना १५९४ मध्येच गेला होता. प्रत्यक्ष शैलीसाठी मी पालेस्ट्रिनाचा अभ्यासक क्नुड येप्पेसन याची निरीक्षणं धरतो. त्याच्या मते जोरकस क्रॉचेटवरून (पाव स्वरावरून) वर उडी पालेस्ट्रिना टाळतो. तिसऱ्या स्पीशीजचे (खालच्या एका स्वरावर चार क्रॉचेट) माझे जुने कागद आता लाल पेन्सिल घेऊन याच एका गोष्टीसाठी तपासायला घेतलेत.