पक्षी पिंजऱ्यात ठेवावा की मोकळा उडू द्यावा?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा थोडी टोचणी असते. दाणे घालताना पिंजऱ्याचे गज डोळ्यांत खुपतात आणि वाटतं, उघडून द्यावं दार. ही टोचणी चांगली आहे, ती असू द्या. फक्त तिच्या भरात खिडकी उघडू नका.

तुम्ही विचारलंत म्हणून आधी सरळ उत्तर देतो. झोपायला, खायला आणि घरात लक्ष द्यायला कोणी नसताना पिंजरा. रोज किमान दोन तास बंद खोलीत, कोणाच्या तरी डोळ्यांसमोर उडणं. उघड्या आकाशात सोडणं अजिबात नाही. हे बजरीगर (ज्यांना सर्रास लव्हबर्ड म्हटलं जातं), खरे लव्हबर्ड, कॉकाटील आणि एकूणच पोपटांच्या कुळाला लागू आहे. फिंच (चिमणीसारखे छोटे, दाणे खाणारे पक्षी) आणि कबुतरांचं वेगळं, ते पुढे येईल.

आकाशात का नाही? बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला. तिथे तो थव्यात राहून पाणी कुठे मिळतं, कोणतं बी खायचं, वरून सावली सरकली की कुठे दडायचं हे शिकतो. पिंजऱ्यात जन्मलेल्याला हे शिकवणारं कोणी नसतं. मोठा आवाज झाला की तो घाबरून वर झेपावतो, आणि वरून त्याला स्वतःचं घर ओळखता येत नाही, कारण ते त्याने बाहेरून कधी पाहिलेलंच नसतं. त्याहून वाईट म्हणजे त्याला उतरता येत नाही. उंच फांदीवरून तिरकं खाली येणं हे वेगळं कसब आहे, आणि खोलीत त्याचा सराव होत नाही. म्हणून हरवलेला पक्षी तासन् तास झाडाच्या शेंड्यावर बसून ओरडतो, खाली उभा असलेला मालक त्याला दिसतो, आणि तरी तो येत नाही. लोकांना वाटतं, त्याला यायचं नाही. त्याला कसं यायचं ते कळत नसतं. जे थोडे तगतात, त्यांचा त्रास दुसऱ्यांना होतो: युरोपातल्या काही शहरांत सुटलेल्या पोपटांचे मोठे थवे झाले आहेत आणि झाडांच्या ढोलींसाठी ते तिथल्या पक्ष्यांशी, वटवाघळांशी भांडतात.

मग पिंजऱ्यातच का ठेवू नये? कारण पक्ष्याचं शरीर उडण्यासाठी बांधलेलं आहे. उडणाऱ्या पक्ष्याच्या छातीचे स्नायू वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतके भरतात. ते वापरले नाहीत आणि खाणं नुसतं बियांचं असलं, की चरबी चढते, यकृत बिघडतं. डोक्याने हुशार पक्षी कंटाळून स्वतःची पिसं उपटायला लागतो, आणि ती सवय एकदा जडली की सुटणं फार कठीण.

पिंजरा घेताना उंची पाहू नका, लांबी पाहा. पक्षी आडवा उडतो, हेलिकॉप्टरसारखा सरळ वर जात नाही. बजरीगरच्या जोडीला 75 ते 80 सेंमी लांब, 45 रुंद, 45 उंच ही कमीत कमी जागा समजा. कॉकाटीलला लांबी 90च्या पुढे. गजांमधली फट बजरीगर, लव्हबर्ड आणि फिंचसाठी 12 मिमीच्या आत हवी, कॉकाटीलला 15 चालते. फट मोठी असली तर डोकं बाहेर जातं, मागे येताना जबड्याचं हाड अडकतं, आणि पक्षी झटके देऊन मान मोडून घेतो. गोल पिंजरा घेऊच नका: पक्ष्याला पाठ टेकवायला कोपरा मिळत नाही आणि वर निमुळत्या होत जाणाऱ्या गजांत पंजा अडकतो. जस्ताचा मुलामा दिलेली नवी जाळी असेल तर व्हिनेगर लावून ताठ ब्रशने घासा आणि स्वच्छ धुवा. मुलाम्याचे सुटे कण चोचीने खरवडून पोटात गेले तर विषबाधा होते.

सोबत मिळणाऱ्या एकसारख्या गुळगुळीत दांड्या काढून टाका. पंजाच्या तळव्याचा एकच भाग सतत दाबला गेला की तिथे आधी लाली, मग घट्टा, मग पू होतो. झाडाच्या वेड्यावाकड्या फांद्या लावा, कुठे 1 सेंमी जाड, कुठे 2. फवारणी न केलेल्या आणि विषारी नसलेल्या झाडाच्या, नीट धुऊन वाळवलेल्या.

आता खोली. छताचा पंखा नुसता बंद ठेवून भागत नाही. पक्षी पात्यावर जाऊन बसतो आणि कोणीतरी सवयीने बटण दाबतं. बटणावर चिकटपट्टी लावा. काचेवर आणि आरशावर साबणाच्या वडीने रेघा ओढा किंवा पडदे लावा. आठवड्याभरात रेघा थोड्या थोड्या पुसत गेलात की काच कुठे आहे ते त्याला कळलेलं असतं. बादली, कमोड, फिशटँक झाका. मांजर दुसऱ्या खोलीत, दार बंद. मांजराचा दात नुसता लागला तरी तिच्या लाळेतल्या जंतूंनी पक्षी एक-दोन दिवसांत दगावू शकतो, त्यामुळे जखम बारीक दिसली तरी लगेच डॉक्टर गाठा. स्वयंपाकघर कायम वर्ज्य. नॉनस्टिक भांडं रिकामं तापलं की निघणारी वाफ आपल्याला जाणवतही नाही, पण पक्षी काही मिनिटांत जातो, अगदी शेजारच्या खोलीतला असला तरी.

नवा पक्षी आणल्यावर दोन आठवडे पिंजऱ्यातच राहू द्या. या काळात त्याला बोटावर चढायला शिकवा: पायांच्या जरा वर, पोटाला बोट हलकेच टेकवा, चढला की राळ्याच्या कणसाचे दोन दाणे. पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, त्याच्या जेवणाआधी. पोट भरलेला पक्षी काही शिकत नाही.

पहिलं उड्डाण संध्याकाळच्या खाण्याआधी. दार उघडा, खाणं आत ठेवा, आणि गप्प बसा. हाताने बाहेर काढू नका. उडण्याआधी तो पिसं अंगाला चिकटवून बारीक होतो, मान लांब करतो, पंख खांद्यापासून किंचित सुटे करतो. हे दिसलं की हलू नका. पहिल्या फेऱ्या वेड्यावाकड्या होतील, तो भिंतीला घासेल, पडद्याला लटकेल, मग चोच उघडून धापा टाकेल. याला मौज समजून पुन्हा उडवू नका. त्या दिवशी तेवढंच पुरे.

परत आत येईना, तर पाठलाग करू नका. एकदा पकडापकडी झाली की तुमचा हात शत्रू होतो आणि महिन्याची मेहनत जाते. पडदे ओढा, दिवा मालवा; अंधुक उजेडात त्याला नीट दिसत नाही, तो बसून राहतो. मग मऊ टॉवेलने उचला, पण छाती आवळू नका. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोटामधला श्वास घ्यायला मदत करणारा पडदा) नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत जाते. मान आणि डोकं सांभाळा, छाती मोकळी ठेवा.

पंख छाटण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: छाटू नका. जास्त छाटलेला पक्षी दगडासारखा खाली येतो आणि छातीचं हाड फुटतं. कापलेलं पीस पुढच्या पिसं गळण्यापर्यंत भरून येत नाही. आणि थोडं छाटलेला पक्षी वाऱ्याच्या झोताबरोबर जायचा तो दूर जातोच, फक्त परत यायची ताकद उरत नाही.

फिंच हाताळणीला सरावत नाहीत, खोलीत सोडणं ही त्यांना शिक्षा आहे. त्यांना मीटरभर लांब पिंजरा किंवा दोन दारांची जाळीची खोली द्या. एक दार लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. कबूतर मात्र आपल्या ढाबळीकडे परततं, पिढ्यान् पिढ्या त्याच गुणासाठी निवडलेला पक्षी आहे तो. त्याच्याकडे बोट दाखवून पोपट सोडू नका.

आणि चुकून पक्षी बाहेर गेलाच, तर त्याचा पिंजरा लगेच उघड्यावर, त्याला दिसेल असा ठेवा, त्याच्या ओळखीच्या वाटीत दाणे घालून. जोडीदार असेल तर बंद पिंजऱ्यात शेजारी. झाडाखाली नेमकं उभं राहू नका; थोडं लांब, त्याच्यापेक्षा फार खाली नसेल अशा गच्चीवर किंवा जिन्यावर उभे राहून नेहमीच्या आवाजात हाक मारा, म्हणजे त्याला फार खाली उतरावं लागणार नाही. अंधार पडला तर कुठल्या फांदीवर बसला आहे ते पाहून ठेवा आणि उजाडायच्या आधी तिथे हजर राहा.