उद्या स्लॅब भरायचा आहे

सकाळी आरसीसी कन्सल्टंट (इमारतीच्या सांगाड्याचे इंजिनिअर) लोखंड तपासायला येणार, म्हणून दुपारपासून ड्रॉइंग घेऊन स्लॅबवरच होतो. सळयांचे डाया (जाडी), अंतर, लॅप (दोन सळयांची टोकं एकमेकींवर चढवलेली लांबी), सगळं जमलेलं. पण बाल्कनीपाशी वाकून पाहिलं आणि पोटात गोळाच आला. वरची जाळी माणसांच्या पायांनी दबून खाली बसलेली! कँटिलिव्हरमध्ये, म्हणजे बाल्कनीसारख्या एकाच बाजूने आधार असलेल्या भागात, ताण वरच्या अंगाला येतो. तिथली सळई खाली गेली की असून नसल्यासारखीच. फिटरकाकांना दाखवलं. त्यांनी एका शब्दाने कुरकुर केली नाही. नव्या चेअर (वरची जाळी उचलून धरणारे सळईचे आधार) वाकवून आणल्या, एकेक जाळीखाली सरकवली, बाइंडिंग वायरने आवळली. किती बरं वाटलं! बीमखालचे फुटलेले कव्हर ब्लॉकही (सळई साच्याला टेकू न देणारे ठोकळे) बदलले. शेवटच्या रिंगांचे (बीमच्या सळयांभोवतीच्या कड्यांचे) 135 अंशांत वळवलेले हूक मोबाईलच्या उजेडात पाहिले. काँक्रीट पडलं की यातलं काहीच दिसणार नाही.

सकाळी सातला पुन्हा साइटवर.